इब्री ६ की योहान १०? विश्वासणारा मिळालेले तारण गमावू शकतो काय?

सदरकर (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या घरगुती शास्त्राभ्यासात सध्या इब्री लोकांस पत्र चालू आहे. गेल्या बैठकीत सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ते सहाव्या वचनांपाशी गाडी अडली, ती अडलीच. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पश्चात्तापापर्यंत पुन्हा आणणे अशक्य आहे, असे तेथे म्हटले आहे. गटातील एका ज्येष्ठांच्या घराण्याचा स्कॉटिश मिशनशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. त्यांनी लगेच योहान १०:२८ उघडले आणि प्रभूच्या हातातून त्याच्या मेंढरांना कोणी हिसकावून घेणार नाही, हे वाचून दाखवले. शेजारी बसलेल्या मेथडिस्ट गृहस्थांनी त्याच शुभवर्तमानातील पाच अध्याय पुढचे वचन काढले. वेलीत न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो आणि जाळला जातो. दोघांचेही आवाज चढले आणि प्रार्थना न करताच बैठक उठली.

हा वाद नागपुरात व्हावा याला एक वेगळाच अर्थ आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये उत्तर भारताच्या एकीकृत मंडळीची, म्हणजे सी. एन. आय.ची, स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांची संयुक्त मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स असे सहा प्रवाह त्या दिवशी एक झाले. बिशप कोणी व्हावे आणि बाप्तिस्मा बालकांना द्यावा की प्रौढांना, यावर चाळीस वर्षे वाटाघाटी झाल्या असतील, पण तारण (पापापासून सुटका आणि सार्वकालिक जीवन) गमावता येते की नाही यावर या सहांनी एकमेकांकडून काहीही लिहून घेतले नाही. ज्या निकायाच्या मतांगीकारावर (विश्वासाच्या प्राचीन जाहीर कबुलीवर) सारे एकत्र आले, त्यातही या प्रश्नाचा उल्लेख नाही. माझ्या मते ते शहाणपणाचे होते, पण त्यामुळे प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलीत शिल्लक राहिला.

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, तो संडे स्कूलमध्ये शिकवत असे. पुण्याला नोकरीस गेल्यावर तो हळूहळू मंडळीपासून दूर झाला आणि आता "माझा विश्वास उरलेला नाही" असे सरळ सांगतो. एका उपदेशसभेत बाहेरून आलेल्या वक्त्यांनी अशांची नावे जीवनाच्या पुस्तकातून खोडली जातात असे सांगितले, तेव्हापासून काकूंना झोप नाही. त्या दिवशी दोन्ही गृहस्थांचे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे तो प्रभूचा कधी नव्हताच, की होता आणि गेला? यांपैकी काय धरून मी त्याच्यासाठी प्रार्थना करू?"

जाणकारांनी कृपया वचनांच्या व इतिहासाच्या आधारे लिहावे. घोषणा नकोत.

जुने_आसन

आमची, म्हणजे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेची, बाजू बहुधा अर्धवटच सांगितली जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१६१८-१९ मध्ये हॉलंडमधील डोर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने आणि १६४० च्या दशकात वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकाराने जे म्हटले, ते "एकदा हात वर केला की काहीही करा, स्वर्ग नक्की" असे नाही. देव ज्यांना नवा जन्म देतो, त्यांना तो शेवटपर्यंत विश्वासात टिकवतो, असे ते म्हणणे आहे. त्यामुळे जो टिकत नाही, त्याच्याकडे बोट दाखवून "याचे तारण शाबूत आहे" असे म्हणण्याची मुभा त्या सिद्धांतात नाही. डोर्टच्या सभेने दावीद आणि पेत्र यांची नावे घेऊन मान्य केले आहे की खरे संतही भयंकर पडू शकतात, देवाला दुःख देऊ शकतात आणि काही काळ कृपेची जाणीवही गमावू शकतात. मात्र देव त्यांना तेथेच सोडत नाही. पेत्र नाकारणार हे प्रभूला आधीच ठाऊक होते. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याने लूक २२:३२ मध्ये सांगितले की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. आणि तू वळल्यावर आपल्या भावांना स्थिर कर. येथे "वळलास तर" असे म्हटलेले नाही.

मग इब्री ६ सारखे इशारे कशासाठी? याचे मला पटलेले उत्तर प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये आहे. वादळात सापडलेल्या जहाजावर पौल २२ व्या वचनात निःसंदिग्धपणे सांगतो की तुमच्यापैकी एकाच्याही जिवाचा नाश होणार नाही. देवदूताने त्याला तसे अभिवचन दिलेले असते. पुढे खलाशी होडी सोडून पळू लागतात, तेव्हा ३१ व्या वचनात तोच पौल शताधिपतीला बजावतो की हे जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई तत्काळ होडीचे दोर कापतात आणि २७६ माणसे जिवंत किनाऱ्याला लागतात. अभिवचन पक्के होते, इशाराही खरा होता, आणि इशारा ऐकल्यामुळेच अभिवचन पूर्ण झाले. डोर्टच्या सभेनेही हेच लिहिले आहे की देव आपल्या लोकांना वचनातील बोध, धमक्या आणि अभिवचने यांच्या द्वारेच राखतो.

राहिले कायमचे निघून जाणारे. त्यांच्याविषयी १ योहान २:१९ आहे: ते आपल्यामधून निघाले, पण ते आपले नव्हते. मत्तय ७:२३ मध्येही प्रभू "मला तुमची कधीच ओळख नव्हती" असे म्हणतो, "होती, आता नाही" असे नव्हे.

रामदासपेठकर

जुने आसन यांनी मांडणी चोख केली आहे, पण तिच्यात एक अडचण आहे आणि ती नेमकी काकूंच्या प्रश्नात दिसते. जो निघून गेला तो मुळात आपला नव्हताच, असे म्हटले की आज विश्वासात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पायाखालची जमीन सरकते. काकूंचा मुलगा संडे स्कूलमध्ये शिकवत होता तेव्हा त्यालाही आपण प्रभूचे आहोत याची खातरी होतीच. ती खातरी पोकळ होती असे आज मागे वळून म्हणायचे असेल, तर माझी आजची खातरी कशावरून भरीव? ज्या सिद्धांताने निर्धास्त करायचे, तो अशा प्रसंगी सर्वांना धास्तावून सोडतो.

शिवाय इब्री ६ मधील वर्णन वरवरच्या माणसाचे वाटत नाही. पवित्र आत्म्याचा भागीदार झालेला माणूस "कधी नव्हताच" हे मला ओढूनताणून लावलेले वाटते. रोमकरांस पत्र ११:२० ते २२ मध्ये पौल विश्वासाने उभ्या असलेल्यांनाच सांगतो की गर्व करू नका, भय धरा, नाहीतर तुम्हीही छाटले जाल. जे कधीच घडू शकत नाही त्याचे भय पौलाने का घालावे?

इतिहासाबद्दल एक गोष्ट, जी अँग्लिकन पार्श्वभूमीच्या सभासदांना रुचावी. इंग्लंडच्या मंडळीच्या ३९ कलमांतील १६ वे कलम सांगते की पवित्र आत्मा मिळाल्यानंतरही आपण मिळालेल्या कृपेपासून दूर जाऊन पापात पडू शकतो आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठूही शकतो. १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट येथे राजा पहिला जेम्स याच्यासमोर प्युरिटन पक्षाने मागणी केली की या वाक्यात "पण पूर्णपणे नव्हे आणि कायमचेही नव्हे" अशी भर घालावी. ती भर कलमात कधीच पडली नाही. पुढे १७८४ मध्ये मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी त्या ३९ कलमांची २४ केली, पूर्वनियुक्तीचे (कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे, या मताचे) कलम सरळ वगळले, पण हे कलम राखले. त्या एका वाक्यात पडणे आहे आणि उठणेही आहे. आम्हा मेथडिस्टांना लोक केवळ पडण्याचे उपदेशक समजतात, म्हणून हे सांगितले.

काकूंना मी म्हणेन की त्यांनी रोमकर ११:२३ धरावे: छाटलेले फाटे पुन्हा कलम करून लावण्यास देव समर्थ आहे.

अजनीचा_प्रवासी

दोघेही विद्वान आहेत. मी साधी गोष्ट सांगतो. लहानपणी दर हिवाळ्यात मैदानावर उपदेशसभा भरत. शेवटी वक्ते डोळे मिटायला सांगत आणि ज्यांना तारण हवे त्यांनी हात वर करावा असे आवाहन करत. मी दरवर्षी हात वर करत असे, कारण वर्षभरात केलेली भांडणे आणि कॉप्या आठवून गेल्या वर्षीचे तारण नक्कीच संपले असणार असा माझा हिशेब होता. नावे लिहून घेणारे दादा एका वर्षी वहीतून मान वर करून म्हणाले, "तू पुन्हा?" मी शरमेने मान खाली घातली, त्यांनी मात्र काही न विचारता नाव पुन्हा लिहून घेतले.

कोणत्याही बाजूच्या सिद्धांताने हे शिकवलेले नाही, हे मला फार उशिरा समजले. वेस्लींच्या शिकवणुकीतही एकेका चुकीगणिक तारण येत-जात नाही.

काटोल_रोड

मी कॅथलिक आहे आणि या भांडणात आमची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे प्रश्नाची रचनाच निराळी आहे. १५४७ मध्ये ट्रेंट येथील धर्मसभेने शिकवले की जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने माणूस कृपावस्था गमावतो, मग त्याचा विश्वास शिल्लक असला तरीही; आणि विशेष प्रकटीकरणाखेरीज आपण शेवटपर्यंत टिकूच, असे कोणीही खात्रीने म्हणू नये. हे ऐकून प्रॉटेस्टंट मित्र म्हणतात की तुम्ही सतत भीतीत जगता. वस्तुस्थिती तशी नाही, कारण त्याच सभेने परतीची वाटही दाखवली आहे. प्रायश्चित्त संस्काराला तेथे प्राचीन धर्माचार्यांच्या शब्दांत जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी म्हटले आहे. आपल्याला आत्ता काय वाटते हे चाचपत बसण्याऐवजी आम्ही धर्मगुरूंपुढे पाप कबूल करतो आणि क्षमेचे शब्द कानांनी ऐकतो. मला व्यक्तिशः यात मोठा दिलासा वाटतो.

एक जोड देतो. लुथरच्या अनुयायांनी १५३० मध्ये ऑग्जबर्ग येथे सादर केलेल्या मतांगीकारातही, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावूच शकत नाही, हे मत नाकारलेले आहे. त्यामुळे प्रॉटेस्टंट एका बाजूला आणि कॅथलिक दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी नाही.

वाचनमात्र

मी ख्रिस्ती नाही. शेजारधर्म म्हणून वाचतो आहे. एक शंका आहे. तारण गमावता येतच नसेल, तर माणसाने नीतीने वागावेच कशासाठी?

जुने_आसन

@वाचनमात्र, आपली शंका पौलाला पहिल्या शतकातच कोणीतरी विचारली होती. रोमकर ६:१ मध्ये तो ती स्वतःच मांडतो: कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय? त्याचे उत्तर "कदापि नाही" असे आहे. शिक्षेची धास्ती असेल तेवढेच चांगले वागणारा मुलगा अजून बापाला ओळखतच नाही, एवढेच मी यावर म्हणेन.

इंदोरा_चौक

मुलगा मंडळीत येत नाही, ही एक गोष्ट झाली. आपल्या भागात याहून अवघड एक गोष्ट आहे, जिच्याविषयी आपण चारचौघांत बोलत नाही, आणि या धाग्यावर ती यायला हवी.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी केवळ हिंदू धर्मीयांना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. परिणाम आपण सारे जाणतो. रविवारी प्रभुभोजन घेणारी कुटुंबे शाळेच्या दाखल्यावर आणि अर्जावर निराळा धर्म लिहितात, कारण मुलाची शिष्यवृत्ती किंवा वडिलांची नोकरी त्या एका रकान्यावर अवलंबून असते. कायद्याच्या दृष्टीने त्याचे काय व्हायचे ते न्यायालये पाहतील. मी आत्म्याविषयी विचारतो आहे. मत्तय १०:३३ मध्ये प्रभू म्हणतो की जो मला माणसांसमोर नाकारील, त्याला मीही पित्यासमोर नाकारीन. कार्यालयातील खिडकीसमोर भरलेला रकाना हे नाकारणे आहे काय? अशा एका आईला प्रभुभोजनाच्या रांगेतून परत जाताना मी पाहिले आहे. तिला कोणी अडवले नव्हते. जातीच्या दाखल्याचा अर्ज तिने आदल्या आठवड्यातच भरून दिला होता.

काटोल_रोड

इंदोरा चौक यांनी जे लिहिले, ते मंडळीच्या इतिहासात जसेच्या तसे घडून गेले आहे, तेही दाखल्यांसकट.

इ. स. २५० च्या सुमारास रोमी सम्राट डेसियस याने आज्ञा काढली की साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बलिदान करावे आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. मिसरात पपायरसवर लिहिलेले असे ४० हून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांतील मजकूर साचेबंद आहे: मी देवतांना नेहमीच बलिदान करत आलो आहे, आताही आपल्यासमोर पेयार्पण केले आहे आणि प्रसाद चाखला आहे, तरी आपण तसे प्रमाणित करावे. कित्येक ख्रिस्ती लोकांनी प्राणभयाने बलिदान केले. कित्येकांनी बलिदान न करता, पैसे देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे सारे रडत मंडळीच्या दाराशी आले, आणि त्यांचे काय करावे यावरून मंडळी दुभंगली. रोममधील नोव्हेशियन म्हणत होता की अशांना देव क्षमा करो न करो, मंडळीने त्यांना पुन्हा आत घेऊ नये. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी २५१ मध्ये धर्मसभा बोलावली. तिने प्रत्येकाचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासायचे ठरवले. केवळ कागद घेणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर परत घेतले आणि प्रत्यक्ष बलिदान करणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त सांगून निदान मृत्युशय्येवर तरी सहभागिता देण्याचे मान्य केले. थोड्याच काळात पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्यांसाठी तीही अट सैल केली. ३२५ मध्ये निकायाच्या सभेने तर नोव्हेशियनच्या अनुयायांना परत घेताना अट घातली की पडलेल्यांबरोबर सहभागिता ठेवण्यास त्यांनी लेखी संमती द्यावी.

म्हणजे "कागदावर नाकारलेला ख्रिस्ती संपला काय" या प्रश्नाला मंडळीने एकदा फार मोठी किंमत मोजून उत्तर दिलेले आहे, आणि ते नोव्हेशियनच्या बाजूचे नाही.

रामदासपेठकर

काटोल रोड यांचे आभार. यात माझी भर छोटी आहे. २ तीमथ्य २:१२ म्हणते की आपण त्याला नाकारले तर तोही आपल्याला नाकारील. लगेच पुढचे वचन म्हणते की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. पौलाने ही दोन वाक्ये एकमेकांना खेटून ठेवली आणि त्यांतील सांधा उलगडून सांगितला नाही.

जुन्या करारातील अरामी सेनापती नामानही आठवावा. आपल्या धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात मलाही वाकावे लागेल, त्याबद्दल परमेश्वर मला क्षमा करो, असे तो अलीशा संदेष्ट्याला आधीच सांगून ठेवतो. अलीशाचे उत्तर २ राजे ५:१९ मध्ये आहे: शांतीने जा. हा परवाना आहे असे मी म्हणत नाही. पण त्या रांगेतून परतलेल्या ताईंना कोणी हे वचन दाखवले असते, तर बरे झाले असते.

कामठीची_परिचारिका

मी रुग्णालयात काम करते. नाव-गाव न सांगता एक अनुभव लिहिते.

आमच्या वॉर्डात एक वृद्ध बाई होत्या. त्यांना नैराश्याचा जुना आजार होता आणि त्यात त्यांच्या मनाने घेतले होते की आपल्या हातून पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण, म्हणजे ज्याला क्षमा नाही असे पाप, झाले आहे, त्यामुळे आपले तारण गेले. संध्याकाळची औषधे द्यायला गेले की माझा हात धरून त्या एकच विचारायच्या, "सिस्टर, आता काही उपाय नाही ना?" भेटायला येणारे नातेवाईक त्यांना वचनांवर वचने ऐकवत, पण प्रत्येक अभिवचनावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "ते विश्वासणाऱ्यांसाठी आहे, माझ्यासाठी नाही." एका वयस्कर पाळकसाहेबांनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी १ योहान ३:२० वाचले, की आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनाहून थोर आहे आणि तो सर्व काही जाणतो. मग म्हणाले, "आजी, तुमचा विश्वास डॉक्टरांना तपासता येत नाही आणि मलाही नाही. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या. विश्वासाचे काम काही दिवस आम्ही तुमच्या वतीने करतो." दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊन पाच मिनिटे बसत आणि त्यांच्या वतीने प्रभूची प्रार्थना म्हणत. महिन्याभराने आजी शेवटच्या ओळीला "आमेन" म्हणू लागल्या. औषधांचा वाटा किती आणि पाळकसाहेबांचा किती, हे मला ठरवता येणार नाही.

जुने आसन यांना विचारायचे आहे की आपल्या मतांगीकारात अशा माणसांविषयी काही आहे काय?

जुने_आसन

ताई, आहे, आणि ते फारसे कोणी वाचत नाही. वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकाराचा १७ वा अध्याय टिकून राहण्याविषयी आहे आणि १८ वा खातरीविषयी. या दोन गोष्टी तेथे मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. खरा विश्वासणारा खातरी मिळेपर्यंत दीर्घकाळ झगडू शकतो आणि मिळालेली खातरी अनेक प्रकारे डळमळू शकते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटिश मंडळीचे होते, ती हाच मतांगीकार मानत असे. त्यामुळे आमच्या घराण्यांत १७ वा अध्याय पाठ आहे. १८ व्याकडे मात्र आमचे दुर्लक्ष झाले, हे मी मान्य करतो.

मानकापूर_१

चर्चा फार मऊ होत चालली आहे. १ करिंथ ५ मध्ये पौल एका दुराचारी सभासदाला मंडळीतून घालवून देण्यास सांगतो. मंडळीने न्याय करायचाच नाही, असे ठरले तर शिस्त कोठे राहिली? वक्ते नाव खोडले जाते असे म्हणाले, यात चुकले काय? प्रकटीकरण ३:५ मध्ये नाव खोडण्याचा उल्लेख आहेच.

सदरकर

@मानकापूर_१, प्रकटीकरण ३:५ मध्ये प्रभू जे म्हणतो ते विजय मिळवणाऱ्याचे नाव न खोडण्याविषयी आहे. त्यावरून खोडले जाणे शक्य आहे असा निष्कर्ष रामदासपेठकर काढतील, जुने आसन काढणार नाहीत. तो वाद प्रामाणिक आहे. परंतु व्यासपीठावरून अमुक प्रकारच्या मुलाचे नाव खोडले गेले असे जाहीर करणे म्हणजे ज्या पुस्तकाची प्रत आपल्याजवळ नाही, त्यातील पान वाचून दाखवणे आहे.

शिस्तीबाबत आपण उद्धृत केलेला अध्यायच पुढे वाचावा. पाचव्या वचनाप्रमाणे त्या माणसाला घालवायचे ते प्रभूच्या दिवशी त्याचा आत्मा तारला जावा म्हणून. मंडळी त्याच्या वर्तनाचा निवाडा करते, त्याच्या अंतिम गतीचा नव्हे. २ करिंथ २:६-८ मध्ये शासन झालेल्या एका माणसाविषयी पौल लिहितो की झाले एवढे पुरे, आता त्याला क्षमा करा, नाहीतर तो अति दुःखाने गिळला जाईल. तो माणूस हाच होता की दुसरा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पौलाची पद्धत त्यातून दिसते.

हा सारा धागा वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की जुने आसन आणि रामदासपेठकर यांचे भांडण निघून गेलेल्या माणसाच्या भूतकाळाविषयी आहे. त्याच्या उद्याविषयी दोघांचे काहीच भांडण नाही. एक म्हणतो तो अद्याप आलाच नव्हता, दुसरा म्हणतो तो येऊन गेला; आणि दोघेही त्याला आज एकच गोष्ट सांगतात, की ये. देमासाचे उदाहरण पाहा. कलस्सै ४:१४ मध्ये तो लूकाबरोबर सलाम पाठवतो, फिलेमोनाच्या पत्रात तो सहकारी आहे, आणि २ तीमथ्य ४:१० मध्ये जगावर प्रेम जडून तो पौलाला सोडून थेस्सलनीकास गेला आहे. त्याचे तारण गेले किंवा ते मुळात नव्हते, असे पौल लिहीत नाही. तो कोठे गेला आणि का गेला, एवढेच लिहितो. ज्याला सारे ठाऊक होते त्याने जेथे लेखणी थांबवली, तेथे आम्ही पुढे लिहू नये. काकूंना मी हेच सांगितले, आणि प्रार्थनेसाठी यांपैकी कोणताही पक्ष निवडण्याची गरज नाही, हेही.

इब्री ६ बद्दल एक राहिले. चौथ्या ते सहाव्या वचनांवर तासभर भांडून आम्ही नववे वाचलेच नव्हते. तेथे लेखक त्याच वाचकांना "प्रियजनहो" म्हणून सांगतो की आम्ही असे बोलत असलो तरी तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या, तारणाशी निगडित गोष्टींची खातरी आहे. ज्यांची मालमत्ता विश्वासापायी लुटली गेली होती (१०:३४) आणि जे आता दमून मागे वळण्याच्या बेतात होते, अशांना तो हे लिहितो आहे. अजून वळले नाहीत त्यांना थांबवण्यासाठी लिहिलेले वाक्य, परत येऊ पाहणाऱ्याच्या तोंडावर दार आपटण्यासाठी वापरू नये.

मानकापूर_१

पुस्तकाच्या प्रतीचा मुद्दा मान्य. शिस्तीचा मुद्दा मी सोडलेला नाही. त्यावर वेगळा धागा काढीन.

जुने_आसन

सदरकर, भांडण केवळ भूतकाळाविषयी आहे हे मला पूर्ण मान्य नाही. रोमकर ८:३८-३९ मध्ये पौल मरण, जीवन, देवदूत, वर्तमान, भविष्य अशी यादी देऊन शेवटी "दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू" आपल्याला देवाच्या प्रीतीपासून विभक्त करू शकणार नाही असे म्हणतो. मीही एक सृष्ट वस्तूच आहे. माझी स्वतःची चंचल इच्छा त्या यादीतून बाहेर कशी काढता येईल? उद्याविषयीचे हे अभिवचन मी कोणासाठीही सैल करणार नाही.

रामदासपेठकर

सैल करू नका. पण त्याच अध्यायाचे तेरावे वचन विश्वासणाऱ्यांनाच म्हणते की तुम्ही देहस्वभावाप्रमाणे जगलात तर मराल, आणि तेही उद्याविषयीच आहे. माझी सूचना अशी आहे की पुढच्या बैठकीत इब्री ६ बाजूला ठेवून रोमकर ८ पहिल्या वचनापासून सलग वाचावा. वाचन जुने आसन यांनी करावे. तेराव्या वचनावर त्यांना मी थांबवणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.